तीन प्रोग्राम आणि एक न्याय्य निवड

न्याय नुसता करून भागत नाही, तो झाल्यावर कुणी नाराज राहता कामा नये. हे सोलापुरात शिवपुत्रकाका कलशेट्टींइतकं कुणाला पटलेलं नव्हतं. त्यांनी बत्तीस वर्षं सरकारी टेबल सांभाळलं आणि एकाही अर्जावर अन्याय होऊ दिला नाही (निर्णयही होऊ दिला नाही, पण तो वेगळा विषय). म्हणूनच होटगी रस्त्यावरच्या बुद्धिबळ मंडळानं त्यांना निवड समितीचं अध्यक्ष केलं.

प्रसंग गंभीर होता. जिल्हा विजेती शिवलीला बिराजदार चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेलांची डिझाइनं काढायची. तिला हरवणारं जिल्ह्यात कुणी उरलं नव्हतं आणि राज्य स्पर्धा महिन्यावर आलेली.

"काका, एखादा दणकट कॉम्प्युटर प्रोग्राम बघा की," ती म्हणाली. "चांगलं सपाटून हरल्याबिगर माझ्या चुका मला कळणार न्हाईत."

तीन अर्ज आले. इंजिनिअर ऋतुजाचा 'वजीर', नातेपुत्याच्या मायाप्पा मास्तरांचा 'ढाण्या' आणि काकांचा भाचा गुरु याचा 'शांती' (भाच्यानं अर्ज रांगेत उभं राहूनच दिला होता). चाचणीत वजीरनं दोघांना वीस-वीस वेळा हरवलं. शांती समोरची सोंगटी मारतच नसे.

"मग ठरलं की," ऋतुजा म्हणाली.

"असं कसं?" काका शांतपणे म्हणाले. "जिंकायचा आनंद वजीरला चाळीसदा मिळालाय. आता पुन्हा त्यालाच निवडायचं म्हणजे पक्षपात झाला."

म्हणून गुणपत्रक झालं. खेळाला वीस गुण, नम्रतेला तीस, आजवर संधी न मिळाल्याबद्दल पन्नास. मुलाखतीही झाल्या. "आयुष्यात पुढं काय करायचंय?" या प्रश्नावर वजीरनं पडद्यावर एक घोडा पुढं सरकवला (शेरा : महत्त्वाकांक्षी). शांती सुरूच झाला नाही (शेरा : संयमी). बेरजेत तिघांना बरोबर पासष्ट पडले. बेरीज काकांनी स्वतः केली होती, त्यामुळे ती तपासण्याचा अपमान कुणी केला नाही. निर्णय एकमतानं झाला : तिघांनी मिळून शिवलीलाशी एकच डाव खेळायचा, एकेकानं एकेक चाल.

सामना रविवारी झाला. वजीरनं डाव मांडला, शांतीनं तो आवरून ठेवला, ढाण्यानं रागाच्या भरात राणीच देऊन टाकली. अकराव्या चालीला मात झाली. टाळ्या थांबेनात. शिवलीला पटाकडं बघत बसली होती.

"काका, मला हरायचं हुतं," ती म्हणाली.

"अगं, पण कुणाची तक्रार न्हाई बघ," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

राज्य स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. मंडळानं चौकशी केली, तर तिथल्या आयोजकांनी खेळाडू निव्वळ खेळ बघून निवडले होते. या घोर पक्षपाताचा निषेध करणारा ठराव लगेच मंजूर झाला.

काकांचं नाव त्यानंतर फार झालं. सध्या ते तुमच्या मुलांच्या शाळेत शिक्षक निवड समितीवर आहेत. पालकसभेत त्यांना बिनविरोध निवडलं तेव्हा तुम्हीही हात वर केला होता. दुसऱ्या हातात मोबाइल होता, म्हणून लक्षात नसेल.