फ्लॅप अर्धे, स्पीड ज्यादा

एप्रिलच्या उन्हात गोंदियाचं डांबर वितळत असतं आणि आमचे शेजारी झनकलाल टेंभरे कुंपणावरून मला विचारतात, "मास्तर, आज बर्फ लागंल का?"

टेंभरेभाऊ इथं आमच्या मुर्री वस्तीत फ्रिज दुरुस्त करतात. विमानात ते जन्मात बसलेले नाहीत. पण त्यांची एकुलती एक लेक दामिनी इथं जवळच बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकली आणि आता कॅनडाच्या पार उत्तरेला लहान विमानातून गावोगाव किराणा पोचवते. तेव्हापासून विमानाच्या पंखांवर जमणाऱ्या बर्फानं भाऊंना झपाटलंय.

"लोकायले वाटते, बर्फाच्या वजनानं विमान पडते," असं म्हणत ते दुरुस्तीला आलेल्या फ्रिजचं दार उघडतात आणि माझी बोटं आतल्या पांढऱ्या थरावर फिरवतात. "वजनाचं सोडा, मास्तर. हे खरबड पाहा! याच्यावर हवा चिपकूनच राहत नाही."

मला हे पटलं नाही, ही माझी चूक. भाऊंनी दोन फळ्या पंखासारख्या रंधून आणल्या. एकीवर डिंक लावून वाळू पसरली. मला मोपेडवर मागं बसवलं, दोन्ही हातांत एकेक फळी दिली आणि बालाघाट रोडवर गाडी पळवली. गुळगुळीत फळी हात वर उचलत होती. वाळूची फळी जरा तिरकी केली की थरथरायची आणि मान टाकायची. माझ्या वर्गातल्या मुली शाळेतून घरी निघाल्या होत्या. दोन्ही हात पसरून उडणाऱ्या सरांना त्यांनी शिस्तीत नमस्ते केलं.

उतरताना विमानाच्या पंखांमागचे पट्टे खाली सोडतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. त्यानं विमान हळू आणि छोट्या धावपट्टीवरही उतरतं. पण बर्फ लागलेल्या विमानानं हे लाड केले, तर धावपट्टी समोर दिसत असतानाच ते नाक खाली टाकतं. म्हणून भाऊंचा मंत्र एकच: "फ्लॅप अर्धे, स्पीड ज्यादा!" आमच्या भाजीवालीलाही तो पाठ आहे.

दामिनी उतरली की इथल्या सकाळी आठला फोन करते आणि भाऊ तिलाही हाच मंत्र ऐकवतात. गेल्या महिन्यात एके दिवशी आठ वाजले, साडेआठ वाजले, फोन नाही. नऊ झाले. भाऊ उघड्या फ्रिजसमोर पाना धरून नुसते बसले होते. मी काहीतरी बोलायला गेलो, तर "चूप बसा" म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या बर्फाची भीती वाटली.

सव्वानऊला फोन वाजला.

"बाबा, ढगात लय बर्फ लागला! जिथं उतराचं होतं तिथली पट्टी छोटी, मनून दुसरीकडं लांब पट्टीवर नेलं. फ्लॅप अर्धे ठेवले, स्पीड ज्यादा ठेवली. उतरली मी, बाबा!"

भाऊंनी माझ्या पाठीत असा रपाटा घातला की माझा चष्मा फ्रिजमध्ये पडला. "उतरली! माही पोरगी उतरली!" ओरडत ते गल्लीभर धावले. पायात चप्पल नव्हती. अर्ध्या तासात प्रत्येक घरात गरम जिलेबी पोचली होती आणि भाजीवाली गिऱ्हाइकांना फ्लॅप समजावून सांगत होती.

दुपारी गर्दी पांगल्यावर मी त्यांना छेडलं, "भाऊ, पोरगी एवढी शिकलेली पायलट. तिले तुम्ही कायले शिकवून राहिले?"

"मी का शिकवतो तिले!" भाऊ हसले. मग जिलेबीचा रिकामा कागद दुमडत बसले. "तिची माय गेल्यापासून बोलाले काही राह्यलंच नाही, मास्तर. जेवली का इचारलं तं 'हो' मनते, फोन ठेवते. बर्फाचं काढलं तं अर्धा घंटा बोलते."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती आणि दामिनीला झोप येत नव्हती. भाऊंनी फोन कानाला लावला, भिंतीला टेकून ऐसपैस बसले आणि मला हातानंच 'जा' म्हणाले.

"हं बेटा," ते म्हणत होते, "ढगात घुसली ना, तिथून सांग."