स्पिटफायरच्या पोटातला फोन

जयवंतीबाईंचा फोन विमानात राहिला, आणि ते विमान त्यांच्याच बैठकीत, सोफ्याच्या जागी उभं होतं.

सोफा वर गच्चीच्या खोलीत गेला होता. टीपॉय पलंगाखाली गेला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला बसायला प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर बहुतेक वेळा गोंदाचे डबे बसलेले असत. गोपाळराव देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. जन्मभर दुसऱ्यांसाठी साचे बनवले. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी काहीतरी बनवायचं ठरवलं, आणि ते काहीतरी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर निघालं. खऱ्याच्या एक पंचमांश मापाचं. उडणारं नाही, नुसतं ठेवायचं. पण आतला सांगाडा, वरचा पत्रा, पत्र्यावरचे मोहरीएवढे रिव्हेट, सगळं खऱ्यासारखं आणि सगळं हातानं. पत्र्यासाठी त्यांनी छापखान्यातून ॲल्युमिनियमच्या वापरलेल्या प्लेटा आणल्या होत्या. त्यांवरचा मजकूर आतल्या बाजूला ठेवून ते पत्रा ठोकत, त्यामुळे विमानाच्या पोटात अजूनही कुणाकुणाची लग्नं लागत होती आणि एका मिठाईच्या दुकानाचं उद्‌घाटन होत होतं.

त्या सकाळी शेपटीकडचा शेवटचा पत्रा बसवायचा होता. आत उजेड हवा म्हणून गोपाळरावांनी बायकोचा फोन उचलला, टॉर्च लावून सांगाड्यात ठेवला आणि काम सुरू केलं. त्यांचा स्वतःचा फोन दुरुस्तीला गेला होता, कारण चार्जिंगच्या भोकात गोंद शिरून तो दगडासारखा घट्ट झाला होता. पत्रा सुरेख बसला. रिव्हेट एका ओळीत आले. गोपाळराव मागे सरकून, मान वाकडी करून कितीतरी वेळ बघत राहिले. फोन त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेला.

जयवंतीबाईंनी फोन आधी स्वयंपाकघरात शोधला, मग देवघरात, मग धुवायच्या कपड्यांत. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या वस्तू तू जागेवर ठेवत नाहीस. शेवटी त्या शेजारच्या कोमलकडे गेल्या आणि तिच्या फोनवरून आपला नंबर लावायला सांगितला. कोमल नंबर लावत लावत त्यांच्यामागून बैठकीत आली, आणि विमान वाजायला लागलं.

"काकू, तुमचं प्लेन रिंग करतंय," कोमल म्हणाली.

गोपाळरावांचा चेहरा पत्र्यापेक्षा पांढरा झाला. जयवंतीबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात या पाहण्याला त्यांनी चांगली धार लावली होती.

वैमानिकाच्या खुर्चीमागे मुठीएवढी एक फट होती. तिच्यातून फोनचा उजेड दिसत होता, पण हात पोचत नव्हता. गोपाळराव म्हणाले, विमान जरा तिरकं करू, घसरत पुढे येईल. कोमल हसत आपल्या घरी गेल्यावर नवराबायकोनं मिळून ते तिरकं केलं. फोन घसरला, पण उलट दिशेला, आणि शेपटीच्या तोंडाशी सांगाड्याच्या एका फळीमागे जाऊन अडकला. मग गोपाळरावांनी पडद्याचा ॲल्युमिनियमचा गज काढला, टोकाला दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली आणि तो फटीतून आत घातला. पडदा तेवढ्यात खिडकीतून खाली आला आणि समोरच्या घराला आतलं सगळं दिसू लागलं, ते वेगळंच.

गज फोनपर्यंत पोचला, त्याच क्षणी पुन्हा रिंग सुरू झाली. ही वेळ धारच्या फोनची होती. धारला गोपाळरावांच्या थोरल्या बहीण, भवानीबाई, राहत. रोज पूजा आटोपली की त्या भावाच्या घरी फोन करत आणि त्याच्या पोटाची चौकशी करत. कारण गेल्या महिन्यात गोपाळरावांच्या पित्ताशयात खडे निघाले होते. डॉक्टर म्हणाले होते ऑपरेशन करा. गोपाळराव म्हणाले होते, विमान झाल्यावर.

गज फोनच्या काचेवरून घसरला आणि रिंग बंद झाली. दोघांना वाटलं, वन्संनी कंटाळून फोन ठेवला. पण हातात धरलेला धातूचा गज काचेवर बोटासारखाच चालतो, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. फोन उचलला गेला होता. धारला भवानीबाई कानाशी फोन लावून बसल्या होत्या, आणि पत्र्याच्या पोकळीतून घुमत त्यांना पहिलं वाक्य ऐकू आलं ते भावजयीचं.

"अहो, आता सरळ पोट कापा आणि काढा बाहेर."

मग भावाचा आवाज आला. "आठ महिने जपलंय मी. मेलो तरी कापू देणार नाही."

"मग राहू दे आतच," जयवंतीबाई वैतागून म्हणाल्या. "दिवसभर आतल्या आत कण्हेल आणि संध्याकाळपर्यंत होईल एकदाचं थंड."

यानंतर भवानीबाईंना काहीतरी लोखंडी खणखणल्याचा आवाज आला, आणि मग फोन बंद पडला. टॉर्चनं बॅटरी संपवली होती. धारहून पुन्हा पुन्हा नंबर लावला गेला, आणि दर वेळी फोन बंद असल्याचंच उत्तर मिळालं.

इकडे जयवंतीबाईंना वाटलं, वन्संना कोमलच्या फोनवरून कळवून टाकावं. पण वन्संचा नंबर फोनमध्ये होता, आणि फोन विमानात. गोपाळरावांना बहिणीचा लग्नाआधीचा पत्ता पाठ होता, नंबर नव्हता. संध्याकाळी बघू, असं म्हणून जयवंतीबाईंनी कुकर लावला. गोपाळराव टॉर्चशिवायच विमानाखाली उताणे पडून पत्रा न कापता फोन कसा काढता येईल याचा विचार करत राहिले.

विचार करता करता त्यांचा डोळा लागला. जयवंतीबाईंनी त्यांच्या अंगावर चादर टाकली, कारण उघड्या खिडकीतून समोरच्या घराला ते तसेच दिसत होते.

दुपारी दारात गाडी थांबली. तिच्यातून भवानीबाई उतरल्या. हातात थर्मास, खांद्यावर शाल, डोळे रडून सुजलेले. मागोमाग त्यांचा मुलगा मनन उतरला. धारहून इंदूरमार्गे आल्यावर आईनं त्याला आधी देवासच्या तीन इस्पितळांत फिरवलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी गोपाळ नावाचा पेशंट शोधायला लावला होता. भवानीबाई आत आल्या. बैठकीत फरशीवर भाऊ चादर ओढून उताणा पडलेला, आणि त्याच्यावर विमान.

"गोपाळ, अरे काय करून घेतलंस हे," म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

गोपाळराव दचकून उठले, आणि त्यांचं कपाळ स्पिटफायरच्या पोटावर आपटलं. तेवढ्यानं त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं आणि भवानीबाईंची खात्री पटली की भाऊ शुद्धीवर नाही. त्यांना खरी हकिगत सांगायला जयवंतीबाईंना बराच वेळ लागला. दर वेळी सांगणं पोट आणि कापणं इथपर्यंत आलं की वन्सं पुन्हा रडायला लागत.

"मामी, सच बोलू का," मनन शेवटी म्हणाला, "आई रस्ताभर तुमच्यावर फार नाराज होती. म्हणत होती, नवऱ्याला थंड होऊ दे म्हणते."

जयवंतीबाईंनी पुन्हा कुकर लावला. आता माणसं चार झाली होती. भाजी चिरून होते न होते तोच दारात आणखी एक जीप आली. बदनावर गावचे चुलतभाऊ जयसिंगराव आले होते. धारहून भवानीबाईंनी निघता निघता त्यांनाही कळवलं होतं. जयसिंगरावांचा मंडीत व्यापार. रक्त लागलं तर हाताशी असावं म्हणून ते आपल्या दुकानावरचे दोन हम्माल सोबत घेऊन आले होते. हम्माल चांगले धष्टपुष्ट होते, आणि सकाळपासून उपाशी होते, कारण रक्त द्यायचं तर रिकाम्या पोटी बरं, असं जयसिंगरावांनीच त्यांना सांगितलं होतं.

जयवंतीबाईंनी कणीक पुन्हा मळायला घेतली. बैठकीत जागा नव्हती, त्यामुळे पंगत विमानाच्या दोन्ही बाजूंना बसली. पोळ्या वाढायला त्यांना प्रत्येक वेळी शेपटीला वळसा घालून जावं लागत होतं. घरात सात माणसं, एक विमान, आणि घरचा फोन विमानात. त्यांना वाटलं, आपणच या विमानात बसावं आणि कुठेतरी निघून जावं.

जेवणं झाल्यावर सभा भरली. सगळ्यांचं एकमत होतं की पत्रा कापावा. मनन म्हणाला, मामा, एक पॅनेलचा तो सवाल है. जयसिंगराव म्हणाले, आमच्या गड्याला द्या, पत्र्याची शेड क्षणात उघडतो. भवानीबाईंनी डोळे पुसले आणि थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, "गोपाळ, काप तो पत्रा. तुझ्या खेळण्यापायी माझा जीव जायची वेळ आली होती."

थोरल्या बहिणीचा शब्द गोपाळरावांनी कधी मोडला नव्हता. त्यांनी पत्रा कापायची कात्री घेतली आणि विमानाशी गुडघ्यावर बसले. कात्री रिव्हेटांच्या ओळीपाशी नेली, आणि तिचं टोक दोनदा ओळीवरून घसरलं. साचा बनवताना केसाएवढीही चूक न करणारा हात होता तो.

जयवंतीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. निवृत्तीनंतरचे पहिले महिने त्यांना आठवले. सकाळी शिफ्टच्या वेळेला हा माणूस तयार होऊन पायरीवर बसायचा, आणि कुठे जायचं नाही हे आठवलं की पुन्हा आत येऊन आडवा व्हायचा. दिवसाला दहा शब्द बोलायचा नाही. मग एक दिवस छापखान्यातून प्लेटा घेऊन आला आणि रात्री जेवताना पंखांचा आकार कसा असतो यावर न थांबता बोलत राहिला. आमटी गार झाली तरी त्याला पत्ता नव्हता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "कापू नका."

सगळे त्यांच्याकडे वळले. सगळ्यांत जास्त चकित त्या स्वतःच झाल्या होत्या.

"जुनाच झाला होता तो फोन," त्या म्हणाल्या. "मला नको तो. राहू दे विमानात."

भवानीबाईंना हे पटलं नाही, पण भावजयीचा आवाज ऐकून त्यांनी पत्र्याचा विषय सोडला. मात्र एवढ्या लांबून रिकाम्या हातानं जायचं नाही असं ठरवून त्यांनी भावाकडून पित्ताशयाच्या ऑपरेशनचं वचन घेतलं. जयसिंगरावांनीही, रक्त लागलं तर गडी पुन्हा घेऊन येतो, असा शब्द दिला. गडी दोन-दोन वेळा जेवलेले होते. त्यांची काही हरकत नव्हती. ऊन उतरल्यावर दोन्ही गाड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतीबाई भाजी आणते म्हणून बाहेर पडल्या आणि थेट मोबाइलच्या दुकानात गेल्या. आपल्याच नंबरचं नवं सिमकार्ड घेतलं, एक साधासा फोन घेतला, तो पर्समध्ये ठेवला आणि वरून कोथिंबीर घातली. घरी जाऊन नवऱ्याला म्हणायचं होतं, बघा, झालं की नाही तुमच्या विमानाला धक्का न लागता.

त्या दारात आल्या तर बैठकीत गोपाळराव फरशीवर बसले होते. समोर स्पिटफायरच्या शेपटीला हातभर लांब खिंडार पडलं होतं. कापलेला पत्रा मांडीवर होता, आणि पुसून, चार्ज करून ठेवलेला जुना फोन त्यांच्या हातात होता.

"रात्रभर झोप नाही आली," ते म्हणाले. "तू काल सगळ्यांसमोर नको म्हणालीस. तेव्हाच ठरवलं, तू बाहेर गेलीस की काढायचा. हा घे."

जयवंतीबाईंनी फोन घेतला. तोंडाशी आलेलं सगळं त्यांनी गिळलं आणि बरं झालं, एवढंच म्हणाल्या. पर्स त्यांनी कपाटात आत, शालीखाली ठेवली. कोथिंबीर तीतच राहिली.

पण जुन्या फोनला नेटवर्क येईना. येणार कुठून, जुनं कार्ड सकाळीच बंद झालं होतं. गोपाळराव दिवसभर तो फोन उघडत, बंद करत, खिडकीपाशी नेत राहिले. गजानं आतलं काहीतरी तुटलं असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि ते फार खजील झाले. संध्याकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि म्हणाले, चल, तुला नवा घेऊन देतो, आजच. जयवंतीबाईंनी दहा कारणं सांगितली. एकही चाललं नाही. मग निदान दुसऱ्या दुकानात जाऊ, असं त्या म्हणाल्या, पण गोपाळरावांची स्कूटर नेहमीच्याच दुकानापुढे थांबली.

दुकानदारानं मान वर केली आणि तोंडभर हसला.

"क्या हुआ आंटीजी? सुबह वाला पसंद नहीं आया?"

गोपाळरावांनी आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग बायकोकडे. जयवंतीबाई काउंटरच्या काचेखालचे चार्जर बारकाईनं बघत होत्या.

"सकाळी तू फोन घेतलास," ते सावकाश म्हणाले.

"हो."

"मग मी शेपूट कशाला कापलं?"

"तुम्ही मला विचारलंत?" जयवंतीबाई म्हणाल्या. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

 घरी आल्यावर दाराशी स्कूटर लावता लावता गोपाळरावांनी घसा खाकरला आणि उद्या नवा पत्रा ठोकताना ती रिव्हेटांच्या मागे आतून ठोकळा धरील का, असं विचारलं. जयवंतीबाई म्हणाल्या, धरीन. पण आधी सोफा खाली आणा.