वाघचौरे बाईंचा डबा

आमच्या तालुक्यात देव न मानणाऱ्यांचं मंडळ काढायचं असेल, तर किमान सात जणांनी आपापली श्रद्धा काढून, डब्यात भरून, एका कपाटात ठेवावी लागते. प्रत्येकी निदान अडीचशे ग्रॅम. त्याशिवाय निबंधक नोंदणी देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. नुसतं तोंडाने कुणीही नास्तिक होतो.

श्रद्धा काढायला फारसा त्रास होत नाही. सकाळी अनशापोटी मान खाली घालून अर्धा तास बसलं की सुटून येते. दिसायला भिजवलेल्या साबुदाण्यासारखी असते. माझी पाचशे चाळीस ग्रॅम निघाली. सगळी आईकडून आलेली, तिच्या लुगड्यांच्या पेटीचा वास होता तिला. ती स्टीलच्या डब्यात भरताना मला वाईट वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

मंडळ काढलं वाघचौरे बाईंनी. कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्यांनी कसलेच विधी करायचे नाहीत असं ठरवलं, आणि मग कुणी फिरकलंच नाही. मुलगा परगावी होता, आळीतल्या माणसांनी दारं लोटून घेतली. सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत बाई प्रेताजवळ एकट्या बसल्या. शेवटी नगरपालिकेची गाडी आली. पुढच्या महिन्यात त्या माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "पाटणे, देवाशिवाय जगता येतं हो. पण उचलायला माणसं लागतात."

तेव्हापासून मी मंडळाचा सेक्रेटरी आहे.

बाईंनी लेखी देऊन ठेवलं होतं : माझा देह जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजला द्यावा, विधी करू नयेत. मुलगा संजीव याला ते मान्य नव्हतं. पण नियमाप्रमाणे वारसाने कितीही विरोध केला तरी देहाचा ताबा मंडळाला मिळतो. अट एकच. मृत्यूच्या दिवशी मयताच्या डब्यासह सातही डबे कपाटात भरलेले हवेत. नोंदणीच्या वेळी निबंधक डबे उघडत नाहीत. मृत्यूच्या वेळी उघडून तोलतात.

अकरा वर्षांत कुणी मेलं नाही. त्यामुळे डबे कपाटात कमी आणि घरी जास्त राहिले. कुणाच्या मुलीचं लग्न ठरायचं, कुणाच्या आईचं ऑपरेशन निघायचं. "दोन दिवस नेतो हो सेक्रेटरी, घरात थोडी असलेली बरी." बाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत. परत आणला की डबा हलका लागायचा, तरी बाई काही बोलायच्या नाहीत. त्यांचा स्वतःचा पितळी डबा मात्र अकरा वर्षांत एकदाही कपाटाबाहेर गेला नाही. मी नव्या लोकांना तो लांबून दाखवायचो.

बाई मंगळवारी सकाळी झोपेतच गेल्या. मी कपाट उघडलं तर सहाच डबे. डॉक्टर हळब्यांचा नव्हता.

हळबे मंडळाचे उपाध्यक्ष. सायकलवरून गेलो तर ते व्हरांड्यातच उभे होते.

"बाई गेल्या," मी म्हटलं. "डबा द्या."

"अरेरे. फार मोठी बाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण असं बघा पाटणे, आज जावयाचा एमआरआय आहे. उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येतो."

"उद्या काय उपयोग?"

"अहो, पण बाईंना आता काय कळणारे? हे आपणच शिकवतो ना लोकांना?"

मला संताप आला. अकरा वर्षं या माणसाने दर सभेत समारोपाचं भाषण केलं होतं. मी काही बोलणार एवढ्यात आतून त्यांच्या बायकोने डबा आणून माझ्या हातात दिला. "न्या भाऊजी. आणि यांचं ऐकत जाऊ नका." डब्यात दोनशे एकावन्न ग्रॅम उरली होती.

परत आलो. एकेक डबा उघडून तोलत गेलो. शेवटी बाईंचा पितळी डबा उचलला.

आत फक्त एक चिठ्ठी होती. अक्षर फळ्यावरच्यासारखं टपोरं. 'माझी निघाली नाही. आठ दिवस बसले. सातवं माणूस मिळत नव्हतं, म्हणून रिकामा डबा ठेवला आहे. क्षमस्व.'

मी निबंधक कार्यालयाला फोन लावला. बिडवे साहेब निघायच्याच तयारीत होते. "साहेब, एक शंका," मी म्हटलं. "एखाद्याकडे मुळातच नसेल तर?"

"तर तो सभासद होऊ शकत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "सोडायला काहीतरी हवं ना पाटणे. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याने उपास केला असं म्हणतो का आपण?"

"आणि सातांतलाच एक तसा निघाला तर?"

"मंडळ पहिल्या दिवसापासून रद्द. का हो?"

"सहज."

बाईंच्या अंगणात संजीव उभा होता. गुरुजी आले होते, बांबू आणि सुतळी येऊन पडली होती. संजीव वाईट मुलगा नाही. मला म्हणाला, "काका, ती माझी आई आहे. मला काहीतरी करावंसं वाटतं. तुम्ही मला काहीच करू देणार नाही का?" मी मंडळाच्या खोलीत आलो, कडी लावली, आणि चमच्याने माझ्या डब्यातली श्रद्धा बाईंच्या डब्यात घातली. आईच्या पेटीचा वास खोलीभर झाला. चिठ्ठी मी खिशात ठेवली.

चार वाजता बिडवे साहेबांनी सातही डबे तोलले. बाईंचा त्यांनी नाकाशीही धरला. मग बाईंच्या दारात उभं राहून दाखला वाचून दाखवला : 'मयत सभासदाची श्रद्धा वजनी दोनशे बासष्ट ग्रॅम, दर्जा उत्तम. देह मंडळाच्या ताब्यात देण्यास हरकत नाही.'

संजीवने दाखला हातात घेऊन पुन्हा वाचला आणि तो पायरीवर बसून हुंदके देऊन रडला. "होती तर," तो म्हणाला. "आयुष्यभर माझ्याशी भांडली. आणि एवढी होती."

देह सहा जणांनी उचलला. हळबेही आले, खांदा त्यांनी पुढून दिला. मंत्र नाहीत, पाणी नाही, काही नाही. मेडिकल कॉलेजची गाडी निघून गेली. बाईंना हवं तसंच सगळं झालं.

मयताचा डबा वारसाला द्यावा असा नियम आहे. बिडवे साहेबांनी तो सही घेऊन संजीवला दिला. त्याने तो देवघरात ठेवला. अकरा वर्षं न वापरलेली श्रद्धा म्हणजे फार कडक, असं आळीत बोललं जातं. परीक्षा जवळ आल्या की मुलांना घेऊन बायका येतात.

बाईंच्या जागी सातवा सभासद मिळाला, आणि मंडळाने बाईंचा फोटो लावला. खालचा मजकूर हळब्यांचा : 'श्रद्धेचा त्याग करणारी थोर स्त्री.' मी विरोध केला नाही. खरं सांगितलं तर मंडळ जाईल, आणि आता सभासदांपैकी पांगळे गुरुजींनी आणि शिर्क्यांनीही देहदानाचं लिहून दिलं आहे. शिर्क्यांची तब्येत बरी नसते.

दरवर्षी बाईंच्या स्मृतिदिनाला संजीव मला जेवायला बोलावतो. मी जातो. पानं वाढायच्या आधी सगळे देवघरात जाऊन डब्याच्या पाया पडतात. मी दाराशी उभा राहतो. वास तिथपर्यंत येतो.

यंदा संजीवची बायको म्हणाली, "काका, तुम्हीही हात जोडा की. बाईंसाठी."

"त्यांना आग्रह करू नकोस," संजीव म्हणाला. "ते मंडळाचे. त्यांना काय कळणार त्यातलं?"

मी पानावर जाऊन बसलो. जेवण चांगलं होतं.