आठ मिलिमीटरचं हसू

दिग्विजय येळवंडेनं त्या मीटिंगमध्ये हात वर केला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. बरं, हातही त्यानं अर्धाच वर केला होता. म्हणजे कोणी पाहिलं नाही तर तोच हात कान खाजवायला वापरता यावा, इतकाच. चाकणच्या कंपनीत मोटारींच्या दारांची हँडलं तपासण्यात बारा वर्षं काढलेला माणूस यापेक्षा जास्त धोका पत्करत नाही.

झालं होतं असं, की कंपनीनं जवळच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेला अकरा कॉम्प्युटर भेट दिले होते. भेट दिल्यावर फोटो निघाले, फोटो निघाल्यावर कॉम्प्युटर झाकून ठेवले गेले, आणि आता जानेवारीत हेड ऑफिसचे मोठे साहेब 'मुलं काय शिकली' ते बघायला येणार होते. एचआरच्या करिष्मा मॅडमनी कुठल्याशा व्हिडिओत परदेशातली चिमुरडी पोरं कॉम्प्युटरवर चेहरे हसवता-रडवताना पाहिली होती. तसंच इथं करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. ॲनिमेशन कोणाला येतं, असं त्यांनी विचारल्यावर दिग्विजयचा तो अर्धा हात वर गेला, कारण सेफ्टी वीकच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यानं अक्षरं गरगर फिरवत आणली होती. (त्यातलं एक अक्षर फिरत फिरत पडद्याबाहेर गेलं ते परत आलंच नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.)

मग मॅडम म्हणाल्या, "जो हे नीट करेल, त्याचा जनरल शिफ्टसाठी विचार होईल." तेव्हा हात पूर्ण वर गेला.

जनरल शिफ्ट म्हणजे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. बारा वर्षं दिग्विजय एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा थर्ड असा फिरत होता. बायको तनुजा पिंपळे गुरवच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तो दिघीच्या घरी यायचा तेव्हा ती निघालेली असायची, ती यायची तेव्हा तो कंपनीच्या बसमध्ये असायचा, नाहीतर पहाटेच्या फर्स्टसाठी झोपलेला. त्यांचा संसार बराचसा फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालला होता. 'भाजी खालच्या कप्प्यात' आणि 'गॅस आला' यापलीकडे त्यांचं गेल्या महिन्यात काही बोलणं झालं नव्हतं. रोज संध्याकाळी बायकोसोबत बसून गरम भाकरी खावी, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. नाव दिग्विजय असलं, तरी त्याला जग वगैरे जिंकायचं नव्हतं.

ॲनिमेशन त्याला अर्थातच येत नव्हतं. तीन व्हिडिओ पाहून त्याला एवढं समजलं, की तोच चेहरा थोडा थोडा बदलून बारा वेळा काढायचा आणि भराभर दाखवायचा. हे कळल्यावर तो एकदम निर्धास्त झाला. म्हणजे चेहरा हा एक पार्ट झाला. पार्ट म्हटला की त्याची मापं आली, आणि मापं घेण्यात तर त्याचं आयुष्य गेलं होतं. प्रत्येक भावाचं माप ठरवून द्यायचं, किती कमीजास्त चालेल ते लिहायचं, आणि त्याबाहेर जाईल तो चेहरा रिजेक्ट करायचा. इतकी सोपी गोष्ट जगाला आजवर सुचली कशी नाही, याचं त्याला नवल वाटलं.

मापं घ्यायला चेहरा हवा होता. तनुजा ओट्यापाशी दूध तापवत होती. दिग्विजय हातात व्हर्निअर घेऊन, म्हणजे हँडलांची जाडी मोजायचा तो स्टीलचा पकडीसारखा मापक घेऊन, तिच्यासमोर उभा राहिला.

"जरा रागाव," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. नुसतीच."

"कारण नसताना मी कधी रागावते का?"

या प्रश्नाला सुखरूप असं उत्तर नसतं. दिग्विजयनं गुपचूप तिच्या दोन भुवयांमध्ये व्हर्निअर लावला. तिची नजर वर गेली, दूध उतू गेलं, आणि भुवया आपोआप एकमेकींकडे सरकल्या. "असंच राहा, हलू नको," असं म्हणून त्यानं आकडा टिपून घेतला. हसण्याचं मापही तिचंच घ्यायचं होतं, पण पुढचे तीन दिवस तसा योग आला नाही. शेवटी त्यानं आरशासमोर स्वतःचं घेतलं. ओठांचे कोपरे आठ मिलिमीटर वर, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल.

शनिवारी शाळेत तिसरी-चौथीची बावीस मुलं अकरा कॉम्प्युटरांपुढे दाटीवाटीनं बसली. दिग्विजयनं भिंतीवर मापांचा तक्ता लावला आणि प्रत्येकाच्या हातात पट्टी दिली. मुलं स्क्रीनला पट्ट्या लावून हसू मोजू लागली. तेवढ्यात चौथीतल्या हर्षालीनं हात वर केला, आणि तिचा हात पहिल्या झटक्यातच पूर्ण वर होता.

"सर, आमची आजी हसली की तोंडाला पदर लावती. तोंड दिसतच न्हाई. मग कोपरं कशी मोजायची?"

पदर तक्त्यात नाही, असं दिग्विजयनं सांगितलं. मग नाक्यावरच्या गॅरेजवाल्या युसुफभाईंचा नुमान उठला. "सर, माझे अब्बा लय चिडले की हसतात. ते हसले की आम्ही पळतो. हा चेहरा कशात टाकू, हसण्यात का रागात?"

दिग्विजयनं यावर खराखुरा विचार केला. कंपनीत असा पार्ट आला, तर तो फेकत नाहीत, लाल डब्यात बाजूला ठेवतात. म्हणून त्यानं सगळ्या कॉम्प्युटरांवर 'रिजेक्ट' नावाचा फोल्डर करून दिला आणि मापात न बसणारं सगळं त्यात टाकायला सांगितलं. मुलांनी याचा अर्थ त्यांच्या परीनं घेतला. तक्त्यातलं हसू ती दहा मिनिटांत उरकायची आणि उरलेला तासभर रिजेक्टमध्ये रमायची. वर्गात इतकी शांतता आहे, म्हणजे आपलं शिकवणं किती परिणामकारक आहे, असं दर शनिवारी वर्गात मॅडमचा फोन आला की दिग्विजय त्यांना सांगायचा.

जानेवारीत मोठे साहेब आले. मांडवात गाव जमला होता, हर्षालीची आजी कुशाबाई पुढच्याच रांगेत होती. पडद्यावर पहिला चेहरा हसला. दुसरा हसला. तिसरा, चौथाही तसाच, तेवढाच, तितक्याच वेळात हसला. पाचव्या चेहऱ्याच्या वेळी साहेबांनी विचारलं, "हे सगळं एकाच मुलानं केलंय का?"

"नाही सर, बावीस जणांनी," दिग्विजय छाती फुगवून म्हणाला. "पण फरक शून्य."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. करिष्मा मॅडमनी दिग्विजयकडे पाहिलं, आणि दिग्विजयच्या डोळ्यांपुढे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या आल्या.

"साहेब, रिजेक्टमधले दावू का?" माउसवर हात ठेवून हर्षालीनं विचारलं.

दिग्विजय 'नको' म्हणाला, पण साहेब 'दाखव' म्हणाले, त्यामुळे 'नको' कोणाला ऐकू गेलं नाही.

पडद्यावर सुरकुत्यांचा एक चेहरा आला. डोळे बारीक झाले, पदर हळूच तोंडावर गेला आणि खांदे गदगदू लागले. मांडवातल्या कुशाबाईंनी स्वतःला ओळखलं आणि हुबेहूब तेच केलं. सगळा गाव हसला. मग नुमानचे अब्बा आले, हसत हसत, आणि मागे पळणारी तीन पोरं दिसली. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले.

तिसऱ्या चेहऱ्याला चष्मा होता आणि चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी होती. दिग्विजयनं नकळत आपल्या काडीला हात लावला. त्या चेहऱ्यानं मोबाइल कानाला लावला, हसू आठ मिलिमीटरवरून कानापर्यंत गेलं आणि कानाच्याही बाहेर निघालं. मान एकोणीस वेळा हलली, पाठ वाकली. मग मोबाइल खाली आला आणि हसू एका फ्रेममध्ये धपकन गळून पडलं. खाली नाव होतं, 'सर, मॅडमचा फोन आल्यावर'.

सगळा मांडव साहेबांच्या तोंडाकडे बघू लागला. दिग्विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर शनिवारी आपण पोरांना बघतोय असं त्याला वाटत होतं, आणि पोरं त्यालाच बघत होती. त्यांनी ती चिकटपट्टीसुद्धा इतक्या प्रेमानं काढली होती, की त्याला धड रागावताही येईना.

मग साहेब हसले. ते हसल्याबरोबर कंपनीचे सगळे अधिकारी हसले, सगळ्यांचे कोपरे कानापर्यंत. साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग त्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा चेहरा तर आपल्याकडे सगळ्यांचाच आहे." यावर सगळ्यांनी माना हलवल्या. दिग्विजयनंही हलवली. हर्षाली मोजत होती.

कार्यक्रम यशस्वी ठरला आणि जनरल शिफ्टची ऑर्डर आठवड्यात हातात पडली. दिग्विजयनं फ्रिजवरच्या चिठ्ठ्या स्वतः सोलून काढल्या.

एक गोष्ट मात्र बारा वर्षांत त्याच्या ध्यानात आली नव्हती. साहेब लोक सगळे जनरल शिफ्टलाच असतात. थर्ड शिफ्टला तो आणि हँडलं, तोंड कसंही लोंबकळत ठेवलं तरी विचारणारं कोणी नसायचं. आता नऊ ते सहा सारखं कोणी ना कोणी समोरून जात होतं, आणि प्रत्येकासाठी कोपरे वर न्यावे लागत होते.

पहिल्या दिवशी तो पावणेसातला घरी पोचला. तनुजानं तव्यावर भाकरी टाकली होती. तो पाटावर बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"हसताय कशाला?" तिनं विचारलं.

"हसत नाही. उतरतच नाहीये ते. गाल ठणकतायत."

तनुजानं गॅस बारीक केला, ड्रॉवरमधून बामची डबी काढली आणि व्हर्निअरही काढला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला तो लावून तिनं आकडा नीट वाचला.

"बरोब्बर आठ. म्हणजे हे कंपनीचं. आता घरचं दाखवा."

दिग्विजयनं मनापासून प्रयत्न केला. बारा वर्षं ज्या संध्याकाळची वाट पाहिली, ती आठवली, तव्यावरची भाकरी पाहिली, बायकोकडे पाहिलं. तनुजानं पुन्हा मोजलं.

"आठच," ती म्हणाली. "रिजेक्ट." आणि तिनं वाढायला घेतलं.