काल खोडलेला पूल

वेळशेतचा नवा पूल मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी व्याकरणाच्या चुकीमुळे नाहीसा झाला. उद्घाटनाची लाल फीत तेवढी दोन बांबूंना बांधलेली राहिली, कारण पूल पूर्ण झाल्याच्या दाखल्यात तिचा उल्लेख नव्हता.

या पुलासाठी अच्युत तळवडेकरांनी आपल्या साप्ताहिकातून अकरा वर्षं भांडण मांडलं होतं. त्रेचाळीस बातम्या, दोन नोटिसा आणि एकदा फुटलेला चष्मा. त्यांची बायको शैलजा खाडीपलीकडच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदाच होडीऐवजी पुलावरून शाळेत गेली होती. पूल झाला म्हणून होडीवाल्याने होडी विकून टाकली होती. मोबाइलची केबलही पुलावरूनच नेलेली, तीही गेली.

अच्युतराव तडक पूल खात्याच्या कचेरीत घुसले.

"बिडवे, माझा पूल कुठाय?"

कनिष्ठ अभियंता बिडवे डबा खात होते. "आवाज खाली, तळवडेकर. पूल आहे. हा बघा, काम पूर्ण झाल्याचा दाखला. बारा दहाला शिक्का मारलाय."

"आणि बारा दहालाच पूल गेला!"

दाखल्यावर एकच वाक्य होतं: द ब्रिज हॅज बीन बिल्ट यस्टर्डे.

"म्हणजे दोष वाक्यात असणार," बिडवे शांतपणे म्हणाले. "पण सापडत नाही. पूल काल बांधला गेला आहे. मराठीत चुकलं का काही?"

"नाही."

"हॅज म्हणजे आहे. मग इंग्रजीत का चुकेल?"

अच्युतरावांनी दाखला उलटसुलट करून पाहिला. बिडव्यांनी लोणच्याची फोड बाजूला सारून पुढचा नियम सांगितला. पाच वाजता टपाल जिल्ह्याला जातं. गेलं की दाखल्यात आहे ते कायम.

"उठा! फाईल घ्या, शिक्का घ्या, काठावर चला. हिला विचारू."

"तसं येता येत नाही. अर्ज द्या."

अर्ज, आवक क्रमांक आणि हालचाल नोंदवही यांत साडेचार वाजले.

पलीकडच्या काठावर शैलजा आठवीच्या सगळ्या मुलींना घेऊन उभी होती. खाडी तिथे अरुंद, पण वारा सुटला होता. अच्युतरावांनी तोंडाभोवती हात धरून वाक्य ओरडून सांगितलं. ऐकून शैलजाने कपाळावर हात मारला.

"अहो, काल खोडा!"

"काल काय खोडलं?"

"काल! यस्टर्डे! हॅज असलं की काम आजला धरून असतं! यस्टर्डे घातलं की ते कालमध्येच जाऊन बसतं! पूल कालमध्ये बसलाय!"

बिडव्यांना हे पटलं. पण खोडायचं एकच असेल तर तारीख का म्हणून, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी हॅज बीन खोडून वॉज केलं आणि शिक्का मारला. वाक्य अगदी शुद्ध झालं, पण खाडी मोकळीच राहिली.

"बरोबर आहे ते!" शैलजा ओरडली. "पण त्यात आजचं काही नाही! हॅज परत घ्या!"

चार चाळीस. त्यांनी यस्टर्डे काढलं, हॅज लिहिलं, घाईत बीन राहिलं. शिक्का पडला. काठावर फितीशेजारी एक पक्की सिमेंटची मोरी उभी राहिली, नळासकट.

"हे काय?" अच्युतराव किंचाळले.

पलीकडून वाक्य विचारण्यात आलं. इकडून सांगण्यात आलं.

"अहो, द ब्रिज हॅज बिल्ट म्हणजे पुलाने बांधलंय! बीन घाला! मुलींनो, सांगा यांना!"

"हॅज! बीन! बिल्ट!" अख्खा वर्ग एका सुरात गर्जला. "बिल्ड, बिल्ट, बिल्ट!"

बिडव्यांनी बीन घातलं, पण शिक्का हवेत धरून ठेवला. "तळवडेकर, तारखेचा रकाना मोकळा जाणार नाही. एकवीस वर्षांत माझा एक रकाना मोकळा गेलेला नाही."

"बिडवे, तुमच्या रकान्यापायी माझी बायको..."

"बायको माझीही आहे. रकाना मोकळा जाणार नाही."

अच्युतरावांनी घड्याळ बघितलं. पाचला सहा मिनिटं होती. "अगं, यांना रकाना भरायचाय! कधी झाला ते हवंय, पण काल नको!"

शैलजाने क्षणभर डोळे मिटले.

"ऑलरेडी लिहा!"

बिडव्यांनी तारखेच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ऑलरेडी लिहिलं, फुंकर मारली आणि शिक्का मारला. पूल आला. कठड्यासकट, दिव्यांसकट, सकाळी एका कावळ्याने केलेल्या घाणीसकट आला. मुलींनी असा गलका केला की बिडवेसुद्धा हसले आणि मग टपाल गाठायला पळत सुटले.

शैलजा पर्स सावरत पुलावरून निघाली. अच्युतराव धावत मध्यापर्यंत गेले. बातमीदाराच्या सवयीने त्यांनी तोंड उघडलं.

"अगं, किती वाजता..."

पुलाचा कठडा हलकेच थरथरला.

"गप्प!" शैलजाने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "इथे कधी, केव्हा, किती वाजता काही विचारायचं नाही. आलेय ना?"

"आलीयेस," अच्युतराव हाताआडून म्हणाले.

कठडा थांबला. दोघं सावकाश अलीकडे आली आणि मोरीवर पाय धुऊन घरी गेली. चव्वेचाळिसावी बातमी शनिवारच्या अंकात आली. ती एका ओळीची होती: वेळशेतचा पूल झाला आहे.