सगुणा घोरपडीचं ऊन

मुलांनो, जरा पुढे सरकून बसा. आणि ती शाल एकट्यानं ओढू नका, थंडी सगळ्यांना सारखीच वाजते. हं, आता ऐका.

एका जंगलात, डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर, एक मोठा हिरडा होता. हिरड्याच्या शेंड्याला भिंगरी नावाची शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, आणि ही भिंगरी स्वभावानं भारी काळजीखोर. पानं गळली तरी काळजी, नाही गळली तरी काळजी.

त्याच हिरड्याच्या बुंध्याशी एक ढोली होती. तिच्यात सगुणा घोरपड राहायची. वय झालं होतं, पण जीभ तरतरीत होती. भिंगरी तिला मावशी म्हणायची.

घोरपडीचं एक असतं. आपल्या अंगात आपली ऊब असते, तिच्या अंगात नसते. तिला ती सूर्याकडून आणावी लागते. म्हणून थंडी सुरू झाली की सगुणामावशी सकाळी सकाळी ढोलीतून निघायची आणि समोरच्या कातळावर जाऊन पसरायची. उतारावर सगळीकडे गर्द झाडी. ऊन यायचं ते फक्त त्या कातळावर, तेही सकाळपासून दुपारपर्यंत. मग सूर्य डोंगराआड जायचा.

"मावशी, तिथे पडून काय करतेस?" भिंगरी वरून विचारायची.

"ऊन खाते."

"आणि मग?"

"आणि मग पुरे झालं की उठते."

एवढाच मावशीचा दिनक्रम. चाळीस हिवाळे तिनं असेच काढले होते.

त्या वर्षी मार्गशीर्षात दिवस भराभर लहान व्हायला लागले. दर वर्षीच होतात. पण भिंगरीनं त्या वर्षी ते मनावर घेतलं. आज एवढा, उद्या याहून लहान, परवा त्याहून. असं होत होत दिवस संपलाच तर? तिला करमेना. अन्न गोड लागेना.

तेवढ्यात उत्तरेकडून करकोच्यांचा थवा तळ्यावर उतरला. त्यातला एक करकोचा मात्र तळ्यावर थांबला नाही. तो थेट जंगलात आला. लांब मान, लांब पाय, डोळे अर्धवट मिटलेले. नाव हिमांशूजी. त्यातलं 'जी' त्यानं स्वतःच लावून घेतलं होतं.

हिमांशूजी कातळावर एका पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "मित्रांनो, वर्षातला सर्वांत लहान दिवस सात दिवसांवर आलाय. तुमची काही तयारी आहे का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचीच तयारी नव्हती. आजवर तो दिवस आपला आपणच येऊन जात असे.

"आमच्या उत्तरेत या दिवसाला फार महत्त्व," हिमांशूजी म्हणाला. "सगळीकडे बर्फ. सगळीकडे शांतता. आम्ही अंतर्मुख होतो. प्रत्येक जण स्वतःचा विधी रचतो. त्यानं मन निरोगी राहतं."

"पाहुणे," सगुणामावशी पडल्यापडल्या म्हणाली, "तिकडे एवढं चांगलं असतं, तर तुम्ही दर थंडीत इकडे का पळून येता?"

हिमांशूजीनं डोळे पूर्ण मिटून घेतले. अवघड प्रश्न आला की तो अंतर्मुख व्हायचा.

पण भिंगरीला मात्र फार आधार वाटला. कुणीतरी निदान काहीतरी करायला सांगत होतं! ती त्याच दिवशी हिमांशूजीच्या साधनेत दाखल झाली. पाठोपाठ दगडोबा रानडुक्कर आलं. मग ससे आले, भेकरं आली, दोन मोर आले. मोर खरं तर कातळावर आपला पिसारा उन्हात छान दिसेल म्हणून आले होते, पण आले.

भिंगरीनं स्वतःसाठी एक नाही, दोन नाही, चांगले अकरा विधी रचले. पहाटेचं दव शेपटीला तेरा वेळा लावायचं. फळ खाण्याआधी त्याच्याकडे शंभर अंक मोजेपर्यंत प्रेमानं बघायचं. डाव्या फांदीवर श्वास घ्यायचा, उजव्या फांदीवर सोडायचा. रोज तीन गोष्टींचे आभार मानायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा विधी काळजी सोडण्याचा. वाळकं पान घ्यायचं, त्याला आपली काळजी सांगायची, आणि पान वरून सोडून द्यायचं.

तीन दिवसांनी सगुणामावशीनं खालून हाक मारली. "भिंगरे, तुझ्या काळज्या माझ्या दारात पडतात गं! रोज शेपटीनं झाडते मी!"

भिंगरीनं ओठांवर बोट ठेवलं. तिचा मौनाचा तास चालू होता.

इकडे कातळावर गर्दी वाढली. मग हिमांशूजीनं शिस्त लावली. कातळावर पायानं रेघा ओढल्या आणि प्रत्येकाला एक जागा नेमून दिली. पुढच्या जागा जुन्या साधकांना, मागच्या नव्यांना.

सगुणामावशी सकाळी नेहमीसारखी सरपटत आली, तर तिच्या जागेवर मोर बसलेला.

"आपण नवीन का?" हिमांशूजीनं विचारलं.

"मी? मी इथे चाळीस वर्षं पडते आहे."

"पडता. साधना नाही ना करत? आपली जागा सत्ताविसावी. ती बघा, त्या दगडोबांच्या मागे."

आता दगडोबा म्हणजे केवढं धूड! त्याच्या मागे ऊन कसलं, वारासुद्धा पोचत नव्हता. मावशी गार दगडावर तासभर बसली. मग तिनं दगडोबाच्या पाठीवर टकटक केलं.

"दगडू, बाबा, जरा सरकतोस का?"

"मावशी, मी आत्ता चिखलाचे आभार मानतोय," दगडोबा डोळे न उघडता म्हणालं. "मध्येच सोडलं तर पहिल्यापासून मानावे लागतील."

"मान बाबा, मान," मावशी म्हणाली. भांडणं तिच्या स्वभावात नव्हती. ती ढोलीत परत गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मावशीला कातळापर्यंत पोचायलाच फार वेळ लागला. परत येताना ती हिरड्याखाली थांबली आणि वर बघून म्हणाली, "भिंगरे, जरा खाली येतेस? अंग आखडलंय माझं."

भिंगरी तेव्हा एका फळाकडे प्रेमानं बघत होती. त्र्याण्णव अंक झाले होते. सातच राहिले होते हो! ती शंभर पुरे करून खाली बघते तर मावशी नव्हती. गेली असेल, भिंगरीला वाटलं. आणि तिनं फळ खाल्लं.

अखेर तो सर्वांत लहान दिवस उजाडला. आकाश स्वच्छ होतं आणि थंडी अशी की तळ्यावरून वाफा निघत होत्या. सगळे आपापल्या रेघेत बसले. सूर्य वर आला. हिमांशूजी म्हणाला, "आता सूर्य डोंगराआड जाईपर्यंत पूर्ण मौन. डोळे मिटा. काहीही झालं तरी उघडू नका."

सगळ्यांनी डोळे मिटले. भिंगरी मनातल्या मनात आभार मानायला लागली. पहिले आभार हिरड्याचे. दुसरे आभार शेपटीचे. तिसरे कुणाचे मानावेत? हं, शेजाराचे. माझा शेजार किती चांगला आहे! सगुणामावशीसारखी शेजारीण...

आणि तिथे भिंगरी अडखळली. मावशीचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला?

तिनं एक डोळा किलकिला केला आणि मागे बघितलं. सत्ताविसावी जागा रिकामी होती. मघाशी सगळे बसले तेव्हाही ती रिकामीच होती. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

भिंगरी उठली. दबक्या पावलांनी निघाली, मग धावायला लागली. हिरड्याच्या बुंध्याशी वाळक्या पानांचा ढीग पडला होता. तीन दिवसांत ती पानं कुणी झाडली नव्हती. भिंगरीनं दोन्ही हातांनी ती उपसली. खाली सगुणामावशी होती. अर्धी ढोलीत, अर्धी बाहेर. अंग लाकडासारखं ताठ. डोळा उघडा, पण त्यात काही हालचाल नाही.

"मावशी! अगं मावशी!"

शेकरूचा आवाज तुम्ही ऐकलाय का, मुलांनो? एवढीशी खार, पण ओरडली की अख्खं रान दणाणतं. कातळावरचे सगळे दचकले.

"मौन!" हिमांशूजी तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "मौन म्हणजे मौन!"

"मौन गेलं चुलीत!" भिंगरी रडत म्हणाली. "मावशी गार पडलीय! दगडूभाऊ, धावा!"

दगडोबा उठलं. रेघा पुसत, सशांना ओलांडत ते धावलं. मनानं ते वाईट नव्हतंच. फक्त चार दिवस त्याचे डोळे मिटलेले होते. त्यानं मावशीला उचलायला बघितलं, तर मावशी जागची हलेना. घोरपडीची पकड ठाऊक आहे ना? चारी पायांची नखं तिनं ढोलीच्या उंबऱ्यात रोवली होती. बहुतेक शेवटी बाहेर यायला धडपडली असावी.

"ओढू का?" दगडोबानं विचारलं.

"नको! मोडेल ती!" भिंगरी म्हणाली. मग ती खाली बसली आणि एकेक नख सोडवायला लागली. एक सुटलं. दुसरं सुटलं. वीस नखं होती. वर बघायची सोय नव्हती, पण सूर्य डोंगराच्या कडेकडे सरकतोय हे तिला अंगावर कळत होतं. सर्वांत लहान दिवस होता ना तो! आजवर तिनं दिवस संपण्याची नुसती काळजी केली होती, आज तो खरंच अपुरा पडत होता.

विसावं नख सुटलं. सशांनी शेपूट धरलं, भेकरांनी डोकं धरलं. मावशीला दगडोबाच्या पाठीवर घातलं आणि मिरवणूक कातळावर आली.

"बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा! ऊन सोडा!"

सगळे मागे सरले. मोरांनी पिसारे मिटले. कातळ रिकामा झाला आणि मधोमध सगुणामावशी एकटी, पालथी, उन्हात. बाकीचे सगळे भोवती सावलीत कुडकुडत उभे. कुणी श्वास मोजत नव्हतं. कुणाला आपला श्वास आठवतही नव्हता.

बराच वेळ काहीच झालं नाही. भिंगरीनं मावशीचा पंजा आपल्या शेपटीत गुंडाळून धरला होता.

मग मावशीच्या शेपटीचं टोक हललं. मग जीभ बाहेर आली, आत गेली. आणि सगुणामावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दगडू, मेल्या, अजून तुझीच सावली येतेय रे पायावर."

काय आरोळी उठली म्हणून सांगू! दगडोबा उडी मारून असं मागे झालं की एका मोरावर पडलं. ससे नाचले. भिंगरी हसतही होती आणि रडतही होती. तिनं साठवलेली सगळी फळं खाली आणली आणि वाटून टाकली, शंभर अंक न मोजता. ऊन होतं तोवर मावशी पडून राहिली आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती गप्पांचा फड जमवला. दगडोबानं चिखलाचे किस्से सांगितले. ते किस्से त्याच्या आभारांपेक्षा पुष्कळ बरे होते.

संध्याकाळी फांदीवर चढताना भिंगरीच्या लक्षात आलं, आपण आज अकरापैकी एकही विधी पुरा केला नाही. आणि मावशी उठल्यापासून एकही काळजी वाटली नाही. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती चढता चढता दोनदा उगाचच खाली उतरली आणि पुन्हा चढली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हिमांशूजी होता ना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो एका पायावर उभा राहिला. "मित्रांनो, काल किती छान वाटलं? का वाटलं? कारण काल आपण एक महान साधना केली. तिचं नाव घोरपड-वहन!"

झालं. सूर्य उगवायच्या आत सगुणामावशीच्या दारात रांग लागली. मावशी ढोलीतून ठणठणीत बाहेर आली आणि गर्दी बघून थबकली.

"काय रे? काय झालं?"

"मावशी, तुला उचलायला आलोय," ससे म्हणाले.

"मी चालते की!"

सगळ्यांची तोंडं पडली. "आज थोडं कमी चाललीस तर नाही का चालणार?" एक भेकर काकुळतीला येऊन म्हणालं. "माझा पहिलाच दिवस आहे गं. मला काल डोकं नीट धरायला मिळालं नाही."

मावशी खूप चिडली. दोन दिवस ती सगळ्यांना हाकलून स्वतःच्या पायांनी कातळावर गेली. जाऊन बघते तर कातळ रिकामा! सगळे तिच्या दारात रांगेत होते. तिसऱ्या दिवशी तिला दिसलं, हाकललेले सगळे तोंड पाडून परत कातळावर यायला लागलेत. मोर तर तिच्या जागेवर पिसारा टेकवत होता.

त्या दिवशी मावशीनं कातळावर पडून पुष्कळ विचार केला.

चौथ्या दिवशी ती ढोलीच्या दारात ताठ पडलेली सापडली. सगळ्यांना कोण आनंद झाला! दगडोबानं पाठ दिली. वाजतगाजत मावशी कातळावर गेली. सगळे भोवती सावलीत उभे राहिले. अख्खा कातळ तिचा, अख्खं ऊन तिचं.

पाचव्या दिवशीही ती ताठ होती आणि सहाव्या दिवशीही. संक्रांत आली, गेली, दिवस चांगले मोठे झाले, तरी रोज सकाळी मावशी आखडलेली आणि साधक प्रसन्न. हिमांशूजी फाल्गुनात उत्तरेला परत गेला आणि तिकडे ही साधना शिकवायला लागला. तिकडे घोरपडी नसतात. म्हणून ते एकमेकांना उचलतात म्हणे.

एकदा मावशीला नेताना भिंगरी तिच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, तू जागी आहेस ना?"

मावशीनं डोळा हलवला नाही.

"तुला बरं वाटतंय ना मला उचलून?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"खूप."

"मलाही. मग धर नीट, आणि गप्प चाल."

तात्पर्य: दुसऱ्याच्या उपयोगी पडलं की आपल्याला फार बरं वाटतं. म्हणून शहाण्यानं थंडीच्या दिवसांत हाताशी एखादा गारठलेला शेजारी जरूर ठेवावा. तसा मिळत नसेल, तर कुणाच्याही उन्हात जाऊन डोळे मिटून बसावं. चार दिवसांत तयार होतो.