भोजराज साहेबांचं मीठ-पाणी लाइव्ह

करडीचे कृषी सहायक भोजराज साहेब यांनी खाटेवर लोळता लोळता ठरवलं, की यंदा बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक बांधावर नाही, फेसबुकवर लाइव्ह करायचं. बांधावर गेलं की ऊन, धूळ आणि शेतकऱ्यांचे प्रश्न. घरून केलं की तिन्ही टळतात, वर माणूस आधुनिक ठरतो. (सत्तावीस वर्षं नोकरी झाली की आळसालाही तंत्रज्ञान म्हणता येतं.)

प्रात्यक्षिक तसं सोपं. मिठाच्या पाण्यात धानाचं बी सोडायचं. पोचट दाणे वर तरंगतात, ते फेकायचे. भरलेले तळाशी बसतात, ते दोनदा धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. साहेबांनी हे आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं, स्वतः एकदाही केलं नव्हतं. (हेच लोक म्हणतात, आजकालच्या पोरांना काही येत नाही.)

त्यांनी गावाच्या ग्रुपवर, म्हणजे जिथे म्हातारे रोज सकाळी एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवतात तिथे, फर्मान काढलं : 'उद्या आठ वाजता सर्वांनी बादली, मीठ व बी घेऊन मोबाईलसमोर बसावे. मी करतो तसे करावे.'

सकाळी बायको सीताबाई पाण्याला गेलेली. घरची दीड एकर तीच करते. साहेब फक्त मार्गदर्शन करतात. तिनं लोंबी न् लोंबी निवडून ठेवलेलं बी साहेबांनी कोठीतून काढलं. ऑफिसच्या कागदावर 'तीन टक्के' लिहिलेलं. दहा लिटर पाणी, तीन टक्के... साहेबांनी क्षणभर छताकडे पाहिलं, लाइव्ह सुरू केलं आणि सगळ्यांसमोर मिठाच्या तीन पिशव्या फोडल्या. एकेक किलोच्या.

"शेतकरी बंधूंनो, पाहा!" म्हणत त्यांनी बी ओतलं.

सगळं तरंगलं. एक दाणा खाली जायला तयार नाही.

दुसरा कोणी असता तर थांबला असता. पण साहेब निर्धाराचा माणूस. लाइव्हमध्ये माघार नाही. "पाहिलंत? हे बियाणं पूर्णपणे पोचट आहे. असं बियाणं सरळ कोंबड्यांना टाकावं."

"कोनाचं बी पोचट?" दारात सीताबाई, काखेत गुंडभर पाणी.

"अगं, लाइव्ह सुरू आहे."

"असू दे सुरू! चार महिने निवडलं मी ते. अन् मीठ किती टाकलं जी तुमी? खारं समुद्र करून ठेवलं!"

"तीन टक्के."

"दहा लिटरले तीनशे ग्राम होते थे! दुकानात मीठ मोजनारी पोरगी बी सांगन!"

तेवढ्यात मोबाईलवर कमेंटांची रांग लागली. 'साहेब, माहं बी सारंच तरंगलं.' 'आमचं बी.' आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या देवाजीची : 'कोंबड्या बोलावल्या. टाकू का जी?'

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. अख्ख्या करडीची पेरणी कोंबड्यांच्या पोटात चालली होती. "नका टाकू!" ओरडत त्यांनी मोबाईल ओढला. हात मिठानं चिकट. मोबाईल सुटला, बादलीत पडला.

त्या बादलीत तळाशी गेलेली ती पहिली वस्तू.

"भरीव हाये," सीताबाई म्हणाली. "पेरा आता."

साहेबांनी मोटारसायकलला किक मारली. नंबर एकाचाही पाठ नव्हता, दारं मात्र आठवली. देवाजीच्या अंगणात पोहोचले तेव्हा म्हातारा सूप घेऊन उभा आणि भोवती कोंबड्यांची ग्रामसभा.

"थांब, देवाजी!"

देवाजीनं एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "तुमी तं याच्यात होते जी. भाईर कसे आले?"

"माझं चुकलं. मीठ जास्त झालं. बी चांगलं आहे. दोनदा धुवा, नवीन पाण्यात तीनशे ग्राम मीठ टाका, मग पाहा."

देवाजीच्या बादलीत दाणे खडीसारखे खाली बसले. साहेबसुद्धा मटकन बसले. मग उठले. अजून चाळीस घरं बाकी.

प्रत्येक दारात तेच : माझं चुकलं, धुवा, तीनशे ग्राम. गोदावरीबाईनं तर हात धरून बसवलं. "सात वर्सानं पाय लागले जी तुमचे. च्या घेतल्याबिगर जाऊ देनार नाई. अन् हे पाहा, परे मांगच्या साली पिवळे काहून पडले, थे सांगा." साहेबांनी रोपं पिवळी पडण्याचं कारण सांगितलं. ऊन, धूळ आणि प्रश्न, तिन्ही एका दिवसात वसूल झाले. शेवटच्या घरातून निघाले तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला, आवाज बसलेला. गावातलं बी मात्र वाचलं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनी खरंच काम केलं असा तो पहिला दिवस. (मलाही मान्य करावं लागतं.)

दुसऱ्या दिवशी साहेब मोहाडीच्या तालुका ऑफिसात छाती काढून गेले. एकेचाळीस घरं! कौतुक नाही, तर निदान चहा मिळेल.

बाबूनं न बघता एक कागद पुढे सरकवला : 'काल सकाळी ८.१७ नंतर आपल्या मोबाईलचे लोकेशन आढळले नाही. शेवटचे लोकेशन राहते घर. क्षेत्रभेटीचा एकही फोटो अपलोड नाही. सबब आपण कामावर गैरहजर होता. तीन दिवसांत खुलासा करावा.'

खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'खुलासा फक्त मोबाईल अ‍ॅपवरच स्वीकारला जाईल.'